तंबूचं दार

जगात सगळ्यात दमवणारं काम कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, हवा सांभाळणं. खुरपणी दमवते, पण वाफा संपला की संपते. कांदा काढणी कंबर मोडते, पण गाडी भरली की माणूस सावलीला टेकतो. हवा संपत नाही. ती दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि आपली जरा पाठ वळली की बिघडते. वर घरातल्या लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर घरीच तर असते.

आमचं घर अवसरी बुद्रुकच्या जरा बाहेर, तिन्ही बाजूंनी ऊस. पुढची खोली, मधली खोली, मागं स्वयंपाकघर आणि पलीकडे गोठा. मधल्या खोलीत गेल्या उन्हाळ्यापासून एक तंबू उभा आहे. बाहेरून काळा, आतून चांदीच्या कागदासारखा चकचकीत, आणि पुढे खालपासून वरपर्यंत चेन. मी आत उभी राहिले तर डोकं छताला टेकतं. पावणेरावळे येतात, तंबूकडे बघून आधी गप्प बसतात, आणि चहा संपला की हळूच विचारतात, "आत काय ठेवलंय, वैनी?" मी सांगते, "आजारी माणसं." बायका दचकतात. मला तेवढीच करमणूक.

पण ते अगदीच खोटं नाही. आत असतात टोमॅटोची कलमं. आमच्याकडे टोमॅटोला मर लागते. रोप चांगलं वाढतं, फुलतं, आणि फळ धरायच्या वेळेला एका सकाळी बघावं तर मान टाकलेली. म्हणून नर्सरीवाले आता रानवांग्याचं रोप घेतात, त्याचं खोड वरून कापतात आणि त्यावर टोमॅटोचा कापलेला शेंडा बसवतात. जोडावर एक बारकी क्लिप. मूळ एकाचं आणि वरचा संसार दुसऱ्याचा. जोड धरेपर्यंत त्या शेंड्याला खालून पाणी मिळत नाही, त्यामुळे त्याला हवेतल्या ओलीवर जगवायचं. अंधार, ओली हवा आणि बेताची ऊब. हवा कोरडी पडली की शेंडा मान टाकतो. हवा ओली आणि वर तापलेली झाली की जोड कुजतो, त्याच्यावर पांढरी बुरशी चढते. या दोन्हींच्या मध्ये एक बारीक वाट आहे. आमच्या भागातल्या उन्हाळ्यात ती वाट कुठे असते हे मला विचारू नका, मी रोज सकाळी नव्याने शोधते.

नर्सरीत मी बरीच वर्षं कलमं बांधायचं काम केलं. सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी यायचं. माझा हात बसला होता. तिथं कलमांसाठी मोठी बंद खोली होती, यंत्रं हवा सांभाळायची, आम्ही बायका ब्लेड चालवायचो आणि गप्पा मारायचो. हवेची काळजी आपल्या गळ्यात पडेल असं तेव्हा कधी मनात आलं नव्हतं.

मग आईला आणावं लागलं.

माझं माहेर घाटघर. नाणेघाटाच्या अंगाला, भात आणि नाचणीचा मुलूख. वडील गेल्यावर आई तिथं एकटीच राहिली, आणि चांगली राहिली. भात लावला, काढला, झोडला, कुणाच्या दारात गेली नाही. मग ती विसरायला लागली. चुलीवर भात ठेवून शेतावर निघून गेली. एकदा वाटेवर बसून राहिली, कारण घर डावीकडे की उजवीकडे तेच आठवेना. गावातल्या लोकांनी आम्हाला कळवलं. भाऊ आणि मी जाऊन तिला घेऊन आलो. घराला कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे राहिली, ती मधल्या खोलीतल्या खिळ्याला अजून टांगलेली आहे.

भाऊ भोसरीला असतो, चौथ्या मजल्यावर. तो आणि वहिनी दोघंही कामाला जातात. तो खोटं बोलणारा नाही, त्याने तोंडावरच सांगितलं, "आक्का, मी नेतो तिला. पण दिवसभर बाहेरनं कुलूप लावावं लागंल. दुसरा इलाज न्हाई." मी म्हटलं, राहू दे, मी ठेवते. पण मग मी नर्सरीत जाणार कशी? आमचे हे चाकणकडे कंपनीत, त्यांच्या पाळ्या बदलत्या. घरात तिसरं माणूस नाही.

मी काम सोडते असं सांगायला नर्सरीत गेले तर मालक म्हणाले, "ताई, तुमचा हात मला सोडवत न्हाई. असं करू. कलमं हितं बांधून घेऊ आणि तुमच्या घरी पाठवू. तुमी फक्त सांभाळायची. टेंट, फॉगर, मीटर समदं मी देतो. हा उन्हाळा बघू. जमलं तर कायमचं काम घरबसल्या. न्हाई जमलं तर मग तुमचं तुमी बघा, आन् माझं मी."

म्हणजे सगळा हिशेब साधा होता. तंबूतली रोपं जगली, तर आई माझ्याकडे. रोपं मेली, तर मी परत नर्सरीत आणि आई चौथ्या मजल्यावर कुलपात. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. आईला तर नाहीच. पण रोज सकाळी चेन उघडताना मला धास्ती असायची ती रोपांची नव्हती.

पहिली खेप फाल्गुनात आली. ऊन अजून तोंड वासायचं होतं, तरी माझ्या नाकी नऊ आले. पुढच्या पत्र्याच्या खोलीत तंबू लावला असता तर दुपारी आत भाजी शिजली असती, म्हणून तो मधल्या स्लॅबच्या खोलीत. खिडकीला गोणपाट, आणि ते ओलं ठेवायचं. आत फॉगर बारीक धुकं सोडतो, पण दुपारी तंबू तापला की तेच धुकं वाफेसारखं अंगावर येतं. मग फ्रिजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या आणि फडक्यात गुंडाळून तंबूच्या कोपऱ्यांत ठेवायच्या. बाटल्यांनी हवा थंड होते, पण छताला पाणी सुटतं. ते थेंब नेमके जोडावर पडतात आणि जोड कुजतो. म्हणून जुन्या लुगड्याच्या फडक्याने छत टिपायचं. टिपायला चेन उघडली की ओल बाहेर पळते. ओल पळाली की परत फॉगर. आणि या सगळ्यात लाईट गेली की कपाळाला हात. ओल मोजणारं मीटर मधल्या खोलीच्या भिंतीला, त्याची तार तंबूत. मी स्वयंपाक करताना मीटरकडे बघायचे, भाकरी थापताना मीटरकडे बघायचे. ह्यांनी एकदा चेष्टेनं विचारलं, "माझ्याकडं कदी बघितलं व्हतं का एवढं?" मी म्हटलं, "तुमी मान टाकत न्हाई ना."

आई पुढच्या खोलीत खाटेवर बसून असायची. तंबूची तिला भीती वाटायची असं मला वाटलं होतं. पहिल्या दिवशी तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली, काळ्या कापडाला बोट लावलं आणि विचारलं, "ह्या खोलीत कोण ऱ्हातं?"

"रोपं राहतात, आये. आजारी हायेत. दार उघडायचं न्हाई."

"बरं," म्हणाली, आणि खाटेवर जाऊन बसली.

पहिली खेप गेली. सगळी नाही, पण निम्म्याहून जास्त. शेंडे असे लोंबले की हात लावायची इच्छा होईना. नर्सरीचे मालक आले, ट्रे उचलून बघितले. चांगला माणूस. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "कोरडी पडलीत, ताई. कुठंतरी हवा खाती बघा."

मीटरला एक बटण आहे. ते दाबलं की मागल्या दिवसभरात ओल सगळ्यात खाली कुठपर्यंत गेली होती ते दिसतं. पहिल्या खेपेला मला ते बटण माहीतच नव्हतं. दुसऱ्या खेपेला मी रोज सकाळी दाबायला लागले, आणि रोज सकाळी माझ्या तोंडचं पाणी पळायला लागलं. दिवसभर मी बघते तेव्हा आकडा नव्वदच्या वर. दुपारी वर, रात्री झोपताना वर. आणि बटण दाबलं की पन्नास. कधी पंचेचाळीस. म्हणजे दिवसातून केव्हातरी तंबूतली सगळी ओल निघून जात होती आणि मला पत्ता नव्हता.

मी शोधायला लागले. पंख्याच्या भोकाभोवती चिकटपट्टी मारली. खालच्या कडेला विटा ठेवल्या. उंदरानं कापड कुरतडलं असेल म्हणून बॅटरी घेऊन पोटावर सरपटत गेले. तंबूत एक पाल सापडली, तिचा काही दोष नव्हता, तरी तिला हाकललं. मग मला ह्यांचा संशय आला. पहिली पाळी संपवून घरी येतात, आल्यागेल्याला कौतुकानं तंबू दाखवतात, उघडून दाखवत असणार. मी भांडण काढलं. ते शपथेवर सांगत होते की चेनीला हात लावला नाही. मी म्हटलं, मग काय भूत उघडतं? दोन दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. बिचारे जेवताना मीठ मागायला सुद्धा आईकडे बघायचे.

रोपं मात्र पुन्हा मान टाकायला लागली होती. दुसरी खेपही जाणार हे दिसत होतं. त्यात चैत्र तापला. मला रात्री झोप लागेना आणि दिवसा बसल्या जागी डोळे मिटायचे. एकदा भाकरी तव्यावर जळली आणि मी वासानं नाही, आईच्या हाकेनं जागी झाले. विसरणारी ती, आणि भाकरी जाळणारी मी. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

आता आमच्याकडच्या संध्याकाळचं सांगायला हवं. उसात बिबट्या असतो. आम्ही त्याला वाघच म्हणतो. त्या वर्षी त्यानं शेजारच्या अंगणातलं कुत्रं नेलं होतं. त्यामुळे सूर्य खाली गेला की सगळ्या वस्तीत एकच घाई. गुरं गोठ्यात, शेळ्या आत, पोरं आत, आणि पुढच्या दाराला आतून कडी. मी तेव्हा गोठ्यात असते. गोठ्याला स्वयंपाकघरातून दार आहे, मागच्या मागे जायचं, धार काढायची, गोठ्याचं फाटक बघायचं आणि मागच्या मागे यायचं. तोवर अंधार पडलेला असतो. ह्यांची पाळी असली तर ते कंपनीत, नसली तर रानात पाण्याच्या मोटारीवर. आई पुढे खाटेवर.

त्या दिवशी गायीनं पान्हा चोरला, सडात धार उतरेना. मी बादली तशीच ठेवून लवकर आत आले. हात पुसत मधल्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि तिथंच थबकले.

तंबूची चेन वरपर्यंत उघडी होती. कापडाचे दोन्ही पल्ले मागे सारून, नाडीनं नीट बांधून ठेवले होते. समोर फरशीवर देवघरातला दिवा. आणि आई डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उभी होती. आतून ओलसर गार हवा खोलीत येत होती. मला ती पायांवर जाणवली. दिवसभर मी जपून ठेवलेली, बाटल्या वाहून, छत टिपून, भांडणं करून जपलेली हवा.

"आये!" मी ओरडले. तिनं मागं वळून बघितलं, घाबरली नाही.

"का उघडलंस? का उघडलंस म्हणते मी?"

"दिव्याचा वकत झाला," ती म्हणाली. "फुडचं दार तुमी लावता. लक्षुमी कुठनं येनार?"

घाटघरला दिवेलागणीला घराचं दार कुणी लावत नाही. दिवा लागला की दार सताड उघडं, मग धुकं आत येवो की पाऊस. जेवणं झाली की मग कडी. आम्ही लहान असताना आई सांगायची की दिव्याच्या वेळेला दार लावलेलं असलं की घरात कुणी नाही असं दिसतं. इथे आल्यापासून रोज संध्याकाळी आम्ही तिच्या डोळ्यांसमोर पुढच्या दाराला कडी घालत होतो. ती कडी तिला निघत नव्हती, घट्ट होती. मग तिनं घरातलं जे दार उघडता येत होतं ते उघडलं. आणि दिव्याची वेळ टळली की चेन परत नीट लावून ठेवत होती. शहाण्या माणसासारखी, वरपर्यंत.

मी शहाण्यासारखी वागले नाही. मी खूप बोलले. माझ्या दोन महिन्यांची माती केलीस, म्हणाले. तुझ्यासाठी मरमर मरते आणि तूच पाणी फिरवतेस, म्हणाले. भोसरीला कुलपात बसशील तेव्हा कळेल, हेही म्हणाले. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिने दिवा उचलून देवघरात ठेवला आणि खाटेवर जाऊन बसली. मी चेन लावली, फॉगर सुरू केला आणि तंबूला पाठ टेकून रडले. राग आला होता, पण कुणाचा तेच कळत नव्हतं.

दुसरी खेप गेली. मालकांना मी खरं कारण सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं, आईकडे बघितलं, आणि म्हणाले, "अजून एक खेप देतो. पन मग माझा बी नाविलाज हाये."

तिसऱ्या खेपेला मी चेनीच्या टोकाला सेफ्टी पिन लावली. मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. संध्याकाळी गोठ्यातून आले तर आईनं कपाट उघडलं होतं. ट्रंक उघडली होती. पिठाचा डबा उघडला होता. फ्रिज सताड उघडा, आणि दुसऱ्या दिवशीच्या बाटल्यांचं पाणी झालेलं. ती फ्रिजसमोर उभी होती, आतला दिवा तिच्या तोंडावर पडला होता, आणि ती इतकी कासावीस होती की मी न ओरडता तिचा हात धरला. चेनीशी झटून तिच्या बोटाचं नख उलटं झालं होतं. मी हळद लावली. ती दाराकडे बघत होती. तंबूच्या नव्हे, पुढच्या.

मग मला जे सुचलं ते दमलेल्या माणसाचं सुचणं होतं. तिला समजवायचं त्राण माझ्यात नव्हतं, रोज भांडायचंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी धार लवकर काढली, ऊन असतानाच. आणि दिवेलागणीला पुढच्या दाराची कडी काढली, दोन्ही फळ्या उघडल्या, उंबऱ्यात काठी आणि बॅटरी घेऊन बसले. आईनं दिवा आणला, दारात ठेवला, हात जोडले. मग माझ्याशेजारी टेकली. समोर ऊस काळा होत चालला होता. शेजारणीनं कुंपणापलीकडून आवाज दिला, "अगं, दार लाव की बाई! याड लागलंय का?" मी म्हटलं, "लावते, लावते." लावलं नाही.

हे घरी आले तेव्हा त्यांची गाडी अंगणात येऊन थांबली आणि ते तसेच गाडीवर बसून राहिले. "काय गं, वाघाला पाट मांडून बसलीस का?"

"या पावणं," आई त्यांना म्हणाली. जावयाला ती पावणंच म्हणते. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात घरच्या बाईचा रुबाब होता. हे आत आले आणि दुसऱ्या दिवसापासून, घरी असले की, तेही उंबऱ्यापाशी उभे राहायला लागले. हातात कुदळीचा दांडा. वाघ आलाच असता तर त्या दांड्यानं काय झालं असतं ते सोडा.

एक दिवस वाघ जवळ आला होता. उसातून करवत ओढल्यासारखा आवाज आला आणि वस्तीतली सगळी कुत्री एकदम गप्प झाली. मी दार लावायला उठले तर आईनं माझा पदर धरला. "दिवा लागलाय अजून," म्हणाली. मी बॅटरीचा झोत उसावर धरून तशीच उभी राहिले. मनात म्हटलं, एवढी हवा सांभाळली, आता हेही सांभाळू. काही वेळानं कुत्री परत भुंकायला लागली आणि मी दार लावलं.

सकाळी बटण दाबलं तर आकडा अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या दिवशी नव्वद. ऊन तर आता पेटलं होतं. दुपारी वारं सुटलं की गोणपाट पाणी टाकताटाकता वाळायचं, आणि मी तासातासाला उठून बाटल्या बदलायचे. पाय सुजले. पण शेंडे उभे राहिले. आधी एक ओळ, मग सगळा ट्रे. पानांवर तुकतुकी आली. जोड धरल्यावर रोपांना हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करायची असते. पहिल्या दिवशी चेन बोटभर उघडायची, मग वीतभर, मग अर्धी. आई खाटेवरून हे सगळं बघत होती. एकदा म्हणाली, "आता तू का उघडती?"

"बरी झाली ती. आता त्यांना जायचंय."

"कुठं?"

"ज्याच्या त्याच्या रानात."

ती ट्रेमधल्या रोपांकडे बघत राहिली. मी माझ्या नादात होते.

मालक गाडी घेऊन आले तेव्हा त्यांनी एक रोप हातात धरून जोड अंगठ्यानं दाबून बघितला. "पक्कं झालंय," म्हणाले. "ताई, ठरलं मग. टेंट तुमच्याकडंच. फुडची खेप दोन दिसात धाडतो." ट्रे गाडीत चढले, गाडी रस्त्याला लागली. मी भावाला फोन लावला आणि सांगितलं की आई माझ्याकडेच राहील, काळजी करू नकोस. पलीकडून त्यानं सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग मी आत येऊन रिकाम्या तंबूसमोर फरशीवर लवंडले. इतकी मोकळी मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच झाले होते. झोप लागणार एवढ्यात आई माझ्या उशाशी येऊन बसली.

"गेली रोपं?"

"गेली, आये."

"आता मला कवा सोडती?"

मी डोळे उघडले. "कुठं सोडू?"

"घरला. घाटघरला."

"तिथं कोण हाय आता? घर बंद हाय. तू हितंच राहायचंस, माझ्याजवळ. त्यासाठीच तर चाललंय सगळं."

तिनं ते ऐकून घेतलं. मग अगदी सरळ, काहीही न विसरलेल्या माणसासारखं विचारलं, "तिथं दिवेलागणीला दार कोण उघडतं?"

"कोणी नाही."

"मंग मी हितं बसून काय करती?"

किल्ली माझ्या डोक्यावरच खिळ्याला होती, मीटरच्या शेजारी. रोज सकाळी मी त्या मीटरकडे डोळे लावून बसायचे, पण किल्लीकडे कधी बघितलं नव्हतं. आईला ठेवून घ्यायचं म्हणून मी उन्हाळाभर झिजले. तिला काय हवं आहे हे विचारायला मला सवड झाली नाही. आणि आधी विचारलं असतं तरी मी तिला तिथं एकटी कशी ठेवली असती? वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि तरीही मला फक्त झोपायचं होतं.

"आता लगेच नवी खेप येतेय," मी म्हटलं. "ती निघाली की जाऊ दोघी. एक रात्र राहू."

"दार उघडू?"

"उघडू."

त्या खेपेनंतर आम्ही गेलो. आईनं स्वतःच्या हातानं कुलूप काढलं, दिवा लावला आणि उंबऱ्यात बसली. घर ओलीनं कोंदलं होतं, मडक्यातल्या मिठाला पाणी सुटलं होतं, पण तिथं आकडा बघायचं माझं काम नव्हतं. वाटेनं जाणारी एक म्हातारी थांबून म्हणाली, "आलीस व्हय?" आई म्हणाली, "आले." सकाळच्या गाडीनं आम्ही परत आलो. कुलूप मी लावलं तेव्हा तिनं तोंड फिरवलं होतं.

आज मधल्या खोलीत पुन्हा कलमं आहेत. दिवेलागणीला मी पुढचं दार उघडते. आई माझ्याशेजारी यायच्या आधी तंबूपाशी जाते, चेनीवरून खालपासून वरपर्यंत हात फिरवते आणि ती पूर्ण बंद आहे ना, ते दोनदा बघते. मला विचारते, "ह्यांना अजून किती दिस?" रोपं नीट राहिली की लवकर निघतात, आणि निघाली की घरी जायला मिळतं, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. मी ती चेन तिला ठेवून घ्यायला बंद ठेवते. ती जायला बंद ठेवते. हल्ली सकाळी बटण दाबलं की आकडा नव्वदच्या खाली कधीच जात नाही.